कुर्र कुठल्या कानात करायचं?

बारशाला आत्या पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगते आणि मागून सगळ्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. ऑक्टोबर २०१३ मध्ये दादाला मुलगा झाला, दिवाळीच्या तोंडावर, आणि बाराव्या दिवशी इंदिरानगरच्या घरी बारसं होतं. पाळणा सजवला होता, घुगऱ्या झाल्या होत्या, मी एकुलती एक आत्या म्हणून नवीन साडी नेसून पुढे गेले, वाकले आणि तिथेच थांबले. माझ्या बाजूला बाळाचा उजवा कान होता, आणि उजवा कान म्हणजे शेंगेसारखा एक मांसाचा उंचवटा, वर थोडी सुरकुतलेली कातडी, खाली पाळीसारखं काहीतरी, आणि भोक नाहीच. मला माहीत नव्हतं असं नाही, हॉस्पिटलमध्ये पहिल्याच दिवशी बघितलं होतं, पण कुर्र करायला वाकल्यावर तोंड कुठे न्यायचं हेच कळेना. मग पाळण्याला वळसा घालून पलीकडे गेले आणि डाव्या कानात नाव सांगितलं. धपाटे कोणी घातलेच नाहीत. वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

त्याचं खरं नाव इथे लिहीत नाही, घरी सगळे सोन्या म्हणतात. आता बारा वर्षांचा होईल. त्याला उजवा कान आहे, त्याच्याच बरगडीच्या कार्टिलेजमधून, म्हणजे टोकाच्या मऊ हाडातून, कोरलेला, २०२४ साली दोन ऑपरेशन्समध्ये बनवलेला. गेल्या वर्षभरात नाशिक, सिन्नर, निफाड, मालेगाव अशा ठिकाणच्या पाच-सहा आईबाबांनी ओळखीतून ओळख काढून मला फोन केले, प्रत्येकाला तेच तेच सांगताना वाटलं की एकदा सगळं नीट लिहून ठेवावं. मी शाळेत गणित शिकवते, डॉक्टर नाही, तेव्हा हे आमच्या घरात घडलेलं आणि आम्ही दहा वर्षं विचारत विचारत शिकलेलं म्हणून वाचा, तुमच्या मुलाचं काय करायचं ते त्याला तपासणारेच सांगतील.

याला मायक्रोशिया म्हणतात. साधारण सहा ते आठ हजार जन्मांमागे एक असं सांगतात, काही देशांत जास्त. मुलींपेक्षा मुलांमध्ये जास्त, बहुतेक वेळा एकाच बाजूला आणि त्यातही उजव्या बाजूला जास्त, म्हणजे आमचा सोन्या अगदी पुस्तकातली केस. पहिल्या ग्रेडमध्ये कान नुसता लहान असतो पण सगळे भाग ओळखू येतात, तिसऱ्यात ही अशी शेंग, आणि काही मुलांना बाहेरचा कान अजिबातच नसतो. आमचा तिसरा ग्रेड. बरोबर कानाची नळीही बंद, त्याला अट्रेशिया म्हणतात. पहिल्याच महिन्यात डॉक्टरांनी किडनीची सोनोग्राफी करायला लावली, जबड्याच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत का बघितलं, मणके बघितले. कानाबरोबर कधीकधी या गोष्टींतही फरक असतो म्हणून. आमचं सगळं ठीक निघालं.

आता ग्रहणाचं. हे मी मुद्दाम सविस्तर लिहिणार आहे कारण आमच्या घरात कानाने जेवढा त्रास दिला नाही तेवढा याने दिला. बारशालाच एका नातेवाईक काकूंनी वहिनीला बाजूला घेऊन विचारलं, ‘ग्रहणात काही चिरलंस का गं? विळी हातात घेतलीस का?’ मग दुसरीने विचारलं, मग शेजारच्यांनी. माझी आई, म्हणजे सोन्याची आजी, तोंडाने काही बोलली नाही पण तिच्याही मनात तेच होतं. शेवटी मी जुनं पंचांग काढून बसले. वहिनीच्या दिवसांत आपल्याकडे दिसणारं ग्रहण एकच होतं, २५ एप्रिल २०१३ च्या रात्रीचं चंद्रग्रहण, आणि तेही मध्यरात्र उलटून दीडच्या सुमारास, अर्धा तास सुद्धा नाही, सावलीने चंद्राची कड नुसती चाटली. रात्री दीड वाजता वहिनी काय चिरत होती? झोपली होती बिचारी!

आणि समजा जागी असती तरी काय? बाहेरचा कान तयार होतो तो सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतो, गर्भाच्या मानेजवळ सहा बारीक उंचवटे येतात, तीन एका कमानीवर आणि तीन दुसरीवर, ते वाढत वाढत एकमेकांत मिसळतात आणि सरकत सरकत वर येतात, त्याचा कान होतो. चूक होते ती तिथे, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. ग्रहणाच्या रात्री वहिनीला चौथा महिना लागला होता, म्हणजे जे व्हायचं ते कधीच होऊन गेलं होतं. बहुतेक मुलांच्या बाबतीत नेमकं कारण सापडतच नाही. काही औषधांचा संबंध पक्का माहीत आहे, त्यातलं एक इथे लिहितेच कारण ते आपल्या पोरी सर्रास घेतात, पिंपल्ससाठीच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या. दिवस राहायची शक्यता असताना त्या अजिबात घ्यायच्या नसतात, डॉक्टरांना स्पष्ट विचारा. आईला आधीपासून डायबिटीस असेल तर तोही आटोक्यात हवा. वहिनीचं यातलं काहीच नव्हतं. तरी तिने ते मनाला लावून घेतलं आणि पुढे कितीतरी वर्षं दर ग्रहणाला, दिवस नसताना सुद्धा, ती खोलीत दार लावून बसायची, पाणी प्यायची नाही. सोन्यालाही बसवायची.

ऐकू येण्याचं सगळ्यात आधी बघा. मला फोन करणारे आईबाबा पहिला प्रश्न विचारतात की कान कधी बनवता येईल, आणि मी उलट विचारते की बेरा टेस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी, झाली का? बाळ झोपलेलं असताना डोक्याला वायरी लावून करतात, दुखत नाही. सोन्याची तीन महिन्यांचा असताना झाली. डावा कान उत्तम, उजव्या बाजूला ६० डेसिबलच्या आसपासचा अडथळा. अडथळा हा शब्द मुद्दाम वापरते, कारण आतला कान, तो शंखासारखा भाग, वेगळ्या पेशींपासून तयार होतो आणि बहुतेक मुलांचा शाबूत असतो. बाहेरून आवाजाला यायला वाट नाही एवढंच. पण कवटीच्या हाडातून आवाज आत पोचतो. दोन्ही कानांत बोटं घालून गुणगुणून बघा, उलट मोठ्याने ऐकू येतं, तेच. याच तत्त्वावर चालणारं मशीन पट्ट्यावर बसवून डोक्याला बांधता येतं, ऑपरेशन लागत नाही, अगदी बाळांनाही. दोन्ही कान असे असतील तर ते लवकरात लवकर बांधायलाच हवं, नाहीतर बोलणं मागे पडतं. एकच कान असा असेल तर काही डॉक्टर लगेच लावा म्हणतात, काही म्हणतात थांबून बघा. किंमत लाखांत आहे. आम्ही दोन वर्षांचा झाल्यावर घेतलं, पाच-सहा वर्षं वापरलं, मग दुसरीत गेल्यावर पोरं डोक्यावरच्या पट्ट्याबद्दल विचारायला लागली तसा तो ते दप्तरात लपवायला लागला.

सरकारी बाजूने दोन गोष्टी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत आणि शाळेत येऊन १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, जन्मजात बहिरेपणा त्यांच्या यादीत आहे, तेव्हा बाळ लहान असतानाच तिथे नोंद करा. आणि दिव्यांग प्रमाणपत्रासाठी पळापळ करण्याआधी हे माहीत असू द्या की २०१६ च्या कायद्यात ऐकण्याची कमतरता दोन्ही कानांची मोजतात, एका कानाच्या मुलाला ते सहसा मिळत नाही. आमची यात तीन महिने दमछाक झाली.

शिक्षिका म्हणून आणखी एक सांगते. एका कानाने ऐकणारं मूल शांत खोलीत तुमच्या-माझ्यासारखंच ऐकतं, पण पन्नास पोरांच्या वर्गात, वर पंखा गरगरतोय, बाहेर पीटीचा तास चालू आहे, तिथे त्याला निम्मं समजत नाही आणि बाई म्हणतात लक्ष नाही. सोन्याचा उजवा कान बंद, म्हणून त्याला उजव्या भिंतीकडच्या दुसऱ्या बाकावर बसवायचं, म्हणजे अख्खा वर्ग आणि फळ्याजवळच्या बाई त्याच्या डाव्या कानाकडे. दरवर्षी जूनमध्ये वहिनी नवीन बाईंना भेटून हे सांगायची. आणि आवाज कुठून आला हे त्याला ओळखता येत नाही. हॉर्न ऐकू येतो पण कुठल्या बाजूने ते नाही. द्वारका चौकात मी अजूनही त्याचा हात सोडत नाही, बारावं वर्ष लागलं तरी, त्याला आवडत नाही तरी.

कोरोनात वेगळीच पंचाईत. मास्कला दोन कानांत अडकवायचे लूप, ह्याला अडकवायला एकच कान. आजीने सगळ्या मास्कना नाड्या शिवल्या, डोक्यामागे बांधायच्या. तिसरीत चष्मा लागला तेव्हा चष्मा एका बाजूला घसरायचा, दुकानदाराने मागे इलॅस्टिक लावून दिलं. कानाचं काम फक्त ऐकायचं नसतं हे असं एकेक करून कळलं.

सात वर्षांचा असताना मी त्याला तपोवनात घेऊन गेले होते. नाशिककरांना सांगायला नको, लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं ते इथेच अशी कथा, आणि नासिका वरून नाशिक. तिथे एक काका दुसऱ्या गावच्या लोकांना सांगत होते की लक्ष्मणाने तिचे नाक आणि कान कापले, रामायणात तसंच आहे, नाक आणि कान दोन्ही. सोन्या ऐकत होता. परत येताना रिक्षात विचारतो, ‘आत्या, मग तिचे कान परत कोणी केले?’ आपल्या गावाच्या नावात नाक राहिलं, पण कानांचं पुढे काय झालं हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नव्हता.

घरी येऊन वाचायला बसले. आणि खरंच, कान परत करणारे लोक होते! सुश्रुतसंहितेत सूत्रस्थानाचा १६ वा अध्याय बहुतेक सगळा कानाचाच आहे. कान कसे टोचायचे, टोचताना चुकलं तर काय होतं, भोक वाढवत नेलेली पाळी तुटली तर कशी जोडायची, जोडण्याचे १५ प्रकार, प्रत्येकाला नाव. त्यातल्या गंडकर्ण नावाच्या पद्धतीत गालाची कातडी एका बाजूने जोडलेली ठेवून उचलतात आणि तिची पाळी करतात. एका बाजूने जोडलेली का, तर रक्तपुरवठा चालू राहावा म्हणून, आजचे प्लास्टिक सर्जन फ्लॅप म्हणतात तो हाच. पाळी शब्द सुद्धा तिथलाच, कर्णपाली. पण ती झाली पाळी. अख्खा कान बनवायचा तर आत सांगाडा लागतो, कारण नुसती कातडी आकसून गोळा होते. तो सांगाडा बरगडीच्या कार्टिलेजचा करायचं गिलीज नावाच्या सर्जनने १९२० मध्ये करून बघितलं, १९५९ मध्ये अमेरिकेत टॅन्झर यांनी ती पद्धत नीट बसवली, त्यात बरीच ऑपरेशन्स लागायची, मग ब्रेंट यांनी चारवर आणली, आणि १९९३ मध्ये जपानच्या नागाता यांनी दोनवर. सोन्याचं नागाता पद्धतीने झालं.

पण त्याआधी आम्ही एक चूक करता करता वाचलो. सोन्या तीन वर्षांचा असताना एका ठिकाणी, नाव लिहीत नाही, सांगितलं गेलं की आत्ताच करून टाकू, बरगडीचंच कार्टिलेज वापरू, लहानपणी केलेलं मुलाला आठवत नाही. तारीख सुद्धा दिली होती. दादा तयार होता, कारण लोकांच्या नजरा त्याला सहन होत नव्हत्या. वहिनी अडून बसली की मुंबईला एकदा दाखवूया, मग ठरवूया. मुंबईच्या सर्जननी मुलाला शर्ट काढायला लावला, टेप काढली आणि छाती मोजली. कान बघायच्या आधी छाती! म्हणाले, ‘छातीचा घेर ६० सेंटीमीटर झाला आणि वय दहा झालं की या.’ कारण तीन वर्षांच्या बरगडीत एवढं कार्टिलेजच नसतं, आणि समोरचा कान सुद्धा मोठा व्हायला हवा ज्याच्या मापाने हा करायचा. आणि पहिली संधी हीच सगळ्यात चांगली असते. तिथली कातडी एकदा कापली, व्रण पडला की ती ताणत नाही, मग दुसऱ्यांदा करायला आलेल्याचं काम फार अवघड होतं. याच कारणासाठी बरगडीचा कान करायचा असेल तर नळी उघडायचं ऑपरेशन आधी करून घ्यायचं नसतं. ते सगळ्यांना करताही येत नाही, आधी स्कॅन करून आतल्या हाडांची रचना बघून मार्क देतात, चांगले मार्क असतील तरच.

मग दरवर्षी वाढदिवसाला आम्ही सोन्याची छाती मोजायचो. सातव्या वर्षी ५५, आठव्या ५६ आणि अर्धा, नवव्या ५८. वहीत लिहून ठेवलंय सगळं. तो स्वतः श्वास भरून छाती फुगवायचा आणि मी म्हणायचे सोड, सोड, असं चालत नाही.

दुसरे पर्यायही सर्जननी समोर ठेवले. एक म्हणजे पॉलिइथिलीन या प्लॅस्टिकचा तयार सांगाडा, त्यावर डोक्याच्या कातडीखालचा पडदा ओढून घेतात, वर कातडी लावतात. तीन-चार वर्षांच्या मुलाचंही करता येतं, बरगडी काढावी लागत नाही, बऱ्याचदा एकाच ऑपरेशनमध्ये होतं. पण बाहेरची वस्तू ती बाहेरचीच, पुढे कधी मार लागून उघडी पडली किंवा इन्फेक्शन झालं तर काढावी लागू शकते. दुसरा पर्याय सिलिकॉनचा कृत्रिम कान, चिकटवायचा किंवा हाडात बसवलेल्या स्क्रूवर अडकवायचा, दिसायला हुबेहूब, पण रोज काढायचा-घालायचा आणि काही वर्षांनी बदलायचा. भाजलेल्या किंवा कॅन्सरमुळे कान गेलेल्या मोठ्या माणसांना तो फार सोयीचा पडतो. आमचा पोरगा कबड्डी खेळणारा, म्हणून थांबायचं ठरलं. हे प्रत्येकाचं वेगळं असू शकतं, ज्यांनी लवकर करून घेतलं त्यांना मी चूक म्हणणार नाही.

दहाव्या वाढदिवसाला साडेसाठ भरले. एप्रिल २०२४, परीक्षा संपल्याबरोबर, पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई. आदल्या दिवशी सर्जननी त्याच्या डाव्या कानावर पारदर्शक फिल्म ठेवून पेनाने आकार काढला आणि तो उलटा करून उजव्या बाजूला लावला. सोन्या आरशात बघत म्हणाला, ‘हे तर मिरर इमेज, आत्या शिकवते ते.’ दुसऱ्या दिवशी सकाळी आत गेला तो सात तासांनी बाहेर आला. छातीच्या उजव्या बाजूला एक चीर, सहावी, सातवी आणि आठवी बरगडी संपते तिथलं कार्टिलेज काढतात. ते बाजूच्या टेबलावर कोरतात, खालचा पाया वेगळा, बाहेरची गोल कड वेगळी, आतला वाय आकाराचा उंचवटा वेगळा, नळीपुढचा छोटा पडदा वेगळा, आणि बारीक स्टीलच्या तारांनी एकमेकांना शिवतात. मग कानाच्या जागी कातडीखाली खिसा करून त्यात सरकवतात. शेंगेच्या खालचा मांसल भाग फिरवून त्याची पाळी. उरलेला एक तुकडा छातीच्या कातडीखाली ठेवून देतात, पुढच्या ऑपरेशनसाठी. खिशातून दोन बारीक नळ्या बाहेर, त्या सतत हवा ओढत राहतात, त्यामुळे कातडी सांगाड्याच्या प्रत्येक खाचेत बसते. ती ओढ थांबली तर खाली रक्त साठतं, म्हणून रात्रभर आळीपाळीने आम्ही त्या नळ्यांकडे बघत बसलो होतो.

दुखलं ते कानाचं नाही, छातीचं. हे सगळ्यांनी आधी मुलाला सांगावं. आम्ही कान कान करत राहिलो आणि शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला, छातीवर कोणीतरी बसलंय. खोकला आला की रडायचा, हसायचाही नाही. उशी छातीशी घट्ट धरून खोकायला नर्सने शिकवलं, ते खूप उपयोगी पडलं. चौथ्या दिवशी फेऱ्या मारायला लागला.

पट्टी पहिल्यांदा उघडली तेव्हा वहिनी बाहेर निघून गेली. मी होते. सुजलेलं, लालसर, पण कान! गोल कड, आतली खाच, सगळं. डोक्याला चिकटलेला, कारण मागून तो अजून सुटा केलेला नव्हता. तिसऱ्या आठवड्यात वरच्या कडेवर बाजरीच्या दाण्याएवढा काळा डाग आला, कातडी तेवढ्यात मेली आणि आतलं पांढरं कार्टिलेज दिसायला लागलं. आमचं पाणी पाणी झालं. मुंबईला फोटो पाठवला, लगेच बोलावलं, मलम आणि ड्रेसिंग, रोज, वाळू द्यायचं नाही, त्या बाजूवर झोपायचं नाही. छोटं असल्यामुळे पाच आठवड्यांत भरून आलं. मोठं असतं तर दुसरी कातडी आणून झाकावं लागलं असतं. असं होऊ शकतं हे आधी सांगितलेलं होतं, म्हणून आम्ही लगेच फोन केला, थांबून बघू म्हणालो नाही. तुम्हीही थांबू नका.

नोव्हेंबरमध्ये, दिवाळीच्या सुट्टीत, दुसरं. सहा महिन्यांनी कान मागून सोडवायचा, छातीत ठेवलेला तुकडा मागे टेकू म्हणून लावायचा, वर कातडीचं रोपण. हे पहिल्यापेक्षा सोपं गेलं. आणि त्यानंतर दोन महिन्यांनी चष्मा घालून आला, इलॅस्टिक न लावता.

ऐकू येतं का, हा सगळ्यांचा प्रश्न. नाही, नळी अजून बंदच आहे. स्कॅनमध्ये मार्क कमी आले, म्हणून नळी न उघडता हाडातून ऐकवणारं इम्प्लांट पुढे करायचं चाललंय. तोपर्यंत पट्टा, आणि आता तो पट्टा लावायला तो नाही म्हणत नाही, का ते मला अजून कळलं नाही. गेल्या थंडीत, नाशिकची थंडी तुम्हाला माहीतच आहे, म्हणाला, ‘आत्या, हा कान गार पडलाय ते मला हाताला कळतं, कानाला नाही.’ संवेदना हळूहळू येते म्हणतात, थोडी आलीय आता. आजीला उजवा कानही टोचायचा होता, बारशाला सोनाराने डावाच टोचला होता ना. सर्जन म्हणाले, आजी, राहू द्या. आजीने ऐकलं.

त्या ओपीडीत बसून बसून मी जन्मजात नसलेलेही कितीतरी कान बघितले. भांडणात चावा घेतलेला. गरम तेलाने भाजलेला. एक पैलवान, त्याचे दोन्ही कान फुलकोबीसारखे. कुस्तीत कान घासून आत रक्त साठतं, कार्टिलेजला आवरणाकडून मिळणारं पोषण तुटतं, आणि ते रक्त दोन-चार दिवसांत काढून घट्ट दाबून बांधलं नाही तर कायमचं कडक होतं. तालमीत तो मान असतो, मला कळतं, पण पोरांना निदान निवडता तरी यावं. आणि कॉलेजच्या मुली, कानाच्या वरच्या कडेला गनने टोचून घेतलेलं, पिकलेलं. पाळीत नुसती चरबी असते, वर कार्टिलेज असतं, तिथलं इन्फेक्शन कार्टिलेज खाऊन टाकतं आणि कान गळून पडल्यासारखा होतो. आपल्या आज्या बुगड्या घालायच्याच की वर, पण ते सोनाराच्या सुईने. वर दुखून लाल झालं तर घरी हळद लावत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

माझ्या आईची डावी पाळी जड झुमक्यांनी ओघळून शेवटी फाटली होती, ती वीस वर्षं तो कान केसांनी झाकायची. सोन्याच्या निमित्ताने तिचंही झालं, इथेच नाशिकमध्ये, जागा बधिर करून अर्ध्या तासात. तीन महिन्यांनी व्रण सोडून शेजारी नवीन भोक. ६८ व्या वर्षी तिने कुड्या घातल्या.

आणि एक राहिलंच. बाळाचा कान पूर्ण आहे पण वरून दुमडलेला, टोकदार, चुरगळल्यासारखा आहे, तर ‘आपोआप सुटेल’ म्हणून वाट बघू नका. पहिल्या काही आठवड्यांत आईच्या हार्मोन्समुळे बाळाचं कार्टिलेज मऊ असतं, तेव्हा साचा लावून ठेवला तर ऑपरेशनशिवाय आकार येतो. जितका उशीर तितकं अवघड. हे बाळंतिणीच्या खोलीतच कोणीतरी सांगायला हवं.

७ सप्टेंबर २०२५ ला रविवारी रात्री मोठं चंद्रग्रहण होतं, अकरापासून पुढे तासभराहून जास्त खग्रास. मी रात्री दादाकडेच होते. सोन्याने दुपारपासून गच्चीवर जायचा हट्ट धरला होता, विज्ञानाच्या सरांनी सांगितलं होतं बघा म्हणून. मला वाटलं वहिनी नाही म्हणेल. काहीच बोलली नाही. ढग येत-जात होते, मधेच तांबूस चंद्र दिसायचा. सोन्या चष्मा वर ढकलून ढकलून बघत होता. साडेअकराला वहिनी वर आली, एका हातात ताट, दुसऱ्या हातात विळी. गच्चीच्या मध्यभागी मांडी घालून बसली, आणि पेरू चिरायला घेतले. आई माझ्याकडे बघायला लागली, मी आईकडे. मग आई उठली, खाली गेली आणि तिखट-मिठाची वाटी घेऊन आली.